कुंकू लागलेला शॉकर

माणसाचा गुडघा गेला तर लोक घरी येऊन चौकशी करतात. सायकलीचा शॉकर गेला तर लोक घरी येऊन सल्ला देतात. अर्थात गुडघा गेला तरी ते शेवटी सल्लाच देतात, पण निदान आधी चौकशी करतात.

अभिराम दप्तरदारांच्या सायकलीचा शॉकर गेला होता. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं आणि खड्डा आला की ज्या दांड्या आत दबून आपली हाडं वाचवतात, त्यांना ग्वाल्हेरीत शॉकर म्हणतात. तो कधी गेला हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती डोंगरी सायकल कित्येक वर्षं खासगी बाजारातल्या त्यांच्या घरी जिन्याखाली उभी होती आणि तिच्या हँडलला कांद्याची पिशवी लटकत असे. कांद्यांची काही तक्रार नव्हती. तक्रारीचं कारण श्रुतीच्या फोनमुळे उपटलं.

श्रुती ही दप्तरदारांची एकुलती एक मुलगी. बंगळूरला नोकरीला होती आणि नोव्हेंबरात कंपनी तिला तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला पाठवणार होती. तिचा फोन आला, "बाबा, दसऱ्याला येतेय मी. जाण्याच्या आधी एक गोष्ट करायची आहे. आपण दोघं सायकलीनं किल्ला चढायचा. पहले जैसे. मी माझ्या मैत्रिणीची, उन्नतीची, सायकल मागून ठेवलीय. तुमची तर आहेच ना?"

"आहे की! त्यात काय!" अभिरामराव म्हणाले. पुढचे सगळे हाल या 'त्यात काय'मुळे झाले.

फोन ठेवून त्यांनी कांद्याची पिशवी उतरवली, सायकल उजेडात घेतली आणि हँडलवर दोन्ही हातांनी जोर दिला. शॉकर दबला. दबला तो दबलाच. जेवण झाल्यावर पाटावरून उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा तो खाली बसून राहिला. अभिरामरावांनी त्याला ओढला, ठोकला, शेवटी एरंडेल पाजलं. एरंडेलानं शॉकरचं पोट काही साफ झालं नाही, फरशी मात्र खराब झाली आणि सीमंतिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यावर जे ऐकवलं ते इथं देण्याची गरज नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? मुलीला सांगावं सायकल बिघडली म्हणून. पण अभिरामरावांच्या मनात एक सल होता. मागच्या खेपेला स्टेशनवर श्रुतीनं त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली होती. जिना उतरताना तिनं त्यांचं कोपर धरलं होतं. मुलगी मायेनं करते हे त्यांना कळत होतं, पण आपण अजून साठीलाही पोचलो नाही आणि आपल्याला कोपराला धरून उतरवतात, हे त्यांना फार लागलं होतं. तीन वर्षं पोर परमुलखात राहणार. तिथं तिला बाप आठवला तर तो किल्ल्याच्या चढावर पेडल मारताना आठवावा, अशी त्यांची इच्छा होती. इच्छा साधी होती. साध्या इच्छाच माणसाचे वाभाडे काढतात.

दप्तरदारांच्या घराण्याला एक खोड आहे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून आले आणि दरबारात कागद सांभाळू लागले. पुढे दरबार गेला, कागदांना वाळवी लागली, पण बैठक बसवल्याशिवाय काही ठरवायचं नाही ही खोड वाळवीलाही खाता आली नाही. मिक्सर घ्यायचा, बैठक. गच्ची गळते, बैठक. गच्चीच्या बैठका इतक्या झाल्या की तेवढ्यात पावसाळा संपला. तेव्हा शॉकरचीही बैठक रविवारी पोह्यांवर बसली. हजर होते अभिरामरावांचे वडील पांडुरंगराव, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, सीमंतिनीबाई, आणि शेजारचे दिग्विजयसिंह जाधव, जे कुठल्याही बैठकीला न बोलावता हजर असत.

दिग्विजयसिंहांचे पूर्वज घोडदळात होते. घोडे केव्हाच गेले. दिग्विजयसिंहांनी त्या घोडदळातल्या फक्त मिशा सांभाळल्या होत्या, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते घोडा विकत घ्यायला आल्यासारखे बघत.

"अभिराम, जनावर घेताना आधी काय बघतात?" त्यांनी विचारलं.

"सायकल आहे ती, दिग्विजयराव."

"सवारी ती सवारी. आधी छाती बघायची. आगे से ऊँचा पाहिजे! पुढून दबलेलं जनावर किला चढेल का? तू शॉकर असा घे की समोरून कुणी बघितलं तर बाजूला झालं पाहिजे."

"अहो, त्यापेक्षा नवीन सायकलच घ्या ना," सीमंतिनीबाई म्हणाल्या. बैठकीत शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं आणि बैठकीनं रिवाजाप्रमाणे त्याकडे दुर्लक्ष केलं.

"नवीन नको. श्रुतीनं ओळखली पाहिजे सायकल," अभिरामराव म्हणाले. मग त्यांनी आठवडाभर ऑफिसात केलेला अभ्यास मांडला. ते इंदरगंजात एका विमा कंपनीच्या कचेरीत होते आणि गेला आठवडाभर लोकांच्या अपघातांचे दावे बाजूला ठेवून त्यांनी शॉकरचं शास्त्र वाचलं होतं. हँडलला जोडणारी नळी किती जाडीची, शॉकर दबतो किती, चाकाचं माप काय. त्यांत त्यांना एक दुःखद बातमी कळली होती. त्यांच्या सव्वीस इंची चाकाचं माप जगानं मोडीत काढलं होतं. आता सगळं एकोणतीस. ज्या चाकावर माणूस उमेदीत बसला, ते चाक त्याला न विचारता बंद होतं, आणि वर्तमानपत्रात दोन ओळीही येत नाहीत! त्यांना हे स्वतःवरच ओढवल्यासारखं वाटलं.

"सव्वीसचे शॉकर आहेत, पण बेताचेच. एकोणतीसचे मात्र एकाहून एक," ते म्हणाले. "काय करावं?"

इथं आबांनी चमचा खाली ठेवला. आबा पंच्याऐंशीच्या घरात होते आणि त्यांच्या मते माणसानं कुठलीही वस्तू एकदाच घ्यायची असते.

"मोठा घे," आबा म्हणाले. "तुझा शाळेचा कोट कसा घेतला होता? वाढत्या अंगाचा. पाचवीत घेतला, आठवीपर्यंत चालला. लहानात मोठं घुसत नाही, मोठ्यात लहान घुसतं. ह्यात बैठक कशाला पाहिजे?"

"क्या बात है, आबा!" दिग्विजयसिंह म्हणाले. "आणि ऊँचा पण होईल."

अभिरामरावांना खरं तर शंका आली होती. चाक काही आठवीपर्यंत वाढणार नव्हतं. पण ज्या घरात चपला, स्वेटर, गादीच्या खोळी आणि एका चुलतभावाची बायकोसुद्धा वाढत्या अंगाची बघून आणली होती, तिथं या युक्तिवादापुढे उभं राहणं सोपं नव्हतं. त्यांनी नळीची जाडी कचेरीतल्या पट्टीनं मोजून बरोबर घेतली आणि एकोणतीसचा, भलामोठा, काळा कुळकुळीत शॉकर मागवला.

पार्सल गावात आलं आणि कुरियरच्या कचेरीत अडलं. घरी आणून देणार नाही म्हणाले, वजन जास्त आहे. अभिरामराव घ्यायला गेले. खिडकीतल्या बाबूनं वर न बघता हात पुढे केला. "ओटीपी."

ओटीपी त्यांच्या फोनवर आलाच नव्हता. ऑनलाइन खरेदीचं खातं श्रुतीनं कॉलेजात असताना उघडून दिलं होतं, तेव्हा नाव तिचं आणि नंबरही तिचाच. म्हणजे तो आकडा बंगळूरला गेला होता.  शॉकर मोडल्याचं मुलीला कळू द्यायचं नव्हतं आणि आकडा तर तिच्याकडेच मागायचा होता.

"बेटा, तुझ्या फोनवर एक ओटीपी आला असेल, तो सांग जरा," ते शक्य तितक्या सहज म्हणाले.

"बाबा! कोण मागतंय ओटीपी? तुमच्या समोर कोणी आहे का? फोन कट करा आधी! कितनी बार बताया है तुमको!"

"अगं, पार्सल आहे. आईचा कुकर."

"आईचा कुकर कुरियरवाल्याकडे कशाला जाईल? बाबा, तुम्ही ठीक आहात ना? तुमच्यावर कोणी जबरदस्ती करत नाहीये ना? करत असेल तर नुसतं 'हो बेटा' म्हणा."

"हो बेटा, तसं काही नाही," अभिरामराव म्हणाले आणि मग पुढची दहा मिनिटं आपल्यावर कुणी जबरदस्ती करत नाही हे पटवून देण्यात गेली. आकडा मिळाला. बाबूनं तो घेतला आणि म्हणाला, "पार्सल श्रुति मैडम के नाम है. आप कौन?"

"वडील."

"साबित कीजिए."

ज्यांच्या पणजोबांच्या शिक्क्याशिवाय एके काळी कागद हलत नसे, त्यांना आता एका खिडकीपुढे आपण स्वतःच्या मुलीचे बाप आहोत हे सिद्ध करायचं होतं. त्यांनी आधार कार्ड दाखवलं. मुलीचा फोटो दाखवला. बाबूनं फोटोकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "शकल तो मिलती नहीं." श्रुती आईवर गेली आहे, हे सगळेच म्हणतात, पण ते लग्नकार्यात ऐकायला बरं वाटतं. शेवटी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी "दे दो भैया, बाप ही लग रहे हैं, देखो कितने परेशान हैं" अशी साक्ष दिली आणि पार्सल सुटलं.

आता घडलं ते फक्त दप्तरदारांच्याच घरात घडू शकतं असं नाही, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात घडलं असतं. खोकं उघडलं तेव्हा आबांनी अभिरामरावांचा हात धरला. "लोखंड आहे. पूजेच्या आधी वापरायचं नाही."

या घरात फ्रीज आला तेव्हा त्याची पूजा झाली होती, गॅसची शेगडी आली तेव्हा झाली होती, इन्व्हर्टरची तर नैवेद्यासकट झाली होती. शॉकरनं काय घोडं मारलं होतं? सीमंतिनीबाईंनी हळदकुंकू आणलं. आबांच्या देखरेखीखाली कुंकू तेलात कालवलं गेलं, कारण कोरडं कुंकू पडून जातं आणि पडून जाणारं काम आबांना पसंत नव्हतं. शॉकरच्या दोन्ही दांड्यांवर एकेक स्वस्तिक आणि वरच्या नळीवर 'श्री' उमटला. नारळ फुटला, त्याचं पाणी शिंपडलं गेलं. अभिरामरावांनी हात जोडले. खरं सांगायचं तर त्यांना थोडं भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ही पूज्य वस्तू घेऊन दाना ओलीतल्या कुशवाहाच्या सायकलीच्या दुकानात गेले. कुशवाहाला सायकलीतलं किती कळत होतं हे सांगणं अवघड आहे, पण त्याला कळत नाही असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. त्यानं जुना शॉकर काढला, नवा बसवला, त्यात चाक घातलं आणि मागे सरून बघितलं.

चाक बसलं. मोठ्यात लहान घुसतं हे आबांचं म्हणणं खरं होतं. फक्त चाकाच्या वर इतकी जागा राहिली की एखादं कबूतर आरामात घरटं बांधू शकलं असतं. ब्रेकची दोन रबरं चाकाच्या कडेला लागायच्या ऐवजी हवेत, बरीच वर, एकमेकांकडे बघत बसली होती.

"साहब, ये तो उनतीस का है," कुशवाहा म्हणाला.

"वाढत्या अंगाचा घेतला," अभिरामराव पुटपुटले.

"पहिया बढ़ता नहीं है, साहब."

हे वाक्य अभिरामरावांना फार झोंबलं, कारण ते बरोबर होतं. त्यांनी शॉकर काढायला लावला, घरी आणला आणि परत करण्याची नोंद केली. नेणारा माणूस आला. त्यानं खोकं उघडलं आणि दोन पावलं मागे सरला.

"सर, इस पे तो ख़ून लगा है."

"कुंकू आहे ते. पूजा केली फक्त. एक दिवस पण चालवला नाही."

"मतलब यूज़्ड है."

"अहो भाई, पूजा केली म्हणजे वापर होतो का?"

या प्रश्नावर दोघांनी कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. तिथल्या बाईंनी फार आदबीनं ऐकून घेतलं. परत करण्याची कारणं त्यांच्यापाशी ठरलेली होती. माल खराब, माल वेगळा, माल आवडला नाही. माल पूजला गेला, हे कारण त्यांत नव्हतं. त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं. वरच्या साहेबांनी निकाल दिला की पूजा हा उपयोगच आहे. अभिरामरावांना वाटलं, धर्मशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न आपल्या दिवाणखान्यात निकालात निघाला आणि ऐकायला एकही शास्त्री हजर नाही.

नेणारा माणूस गेल्यावर त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन कुंकू पुसायला सुरुवात केली. कुंकू निघालं, त्याबरोबर काळा रंगही निघाला, आणि खाली पांढऱ्या धातूत स्वस्तिक जास्तच ठसठशीत उठून दिसू लागलं. तेवढ्यात आबा आले. "पूजा झालेली वस्तू परत पाठवत होतास?" ते म्हणाले. "घरात मुलगी परदेशी निघालीय आणि तू अपशकुन करतोयस?" गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी गत झाली.

शॉकर पुन्हा दाना ओलीत गेला. "लगा दो," अभिरामराव हताशपणे म्हणाले.

"लगा देंगे. पर अगला ब्रेक नहीं लगेगा."

"मग?"

"आपको कहाँ जाना है?"

"किल्ला चढायचा आहे."

"तो चढ़ाई में ब्रेक का क्या काम?" कुशवाहा म्हणाला. अभिरामरावांना यातला खोटेपणा दिसत होता, पण चूक नेमकी कुठं आहे हे सापडेना. "और उतरते वक़्त?" त्यांनी विचारलं. "पहले चढ़ तो जाओ, साहब," तो म्हणाला. हा टोमणा गिळून ते सायकल ढकलत घरी निघाले. दारात दिग्विजयसिंह उभे होते. नाक वर करून उभी असलेली सायकल बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "याला म्हणतात जनावर!" ते म्हणाले. अख्ख्या प्रकरणात खूश झालेला हा एकमेव माणूस.

निदान एकदा चालवून बघावी, असं अभिरामरावांना वाटत होतं. पण सायकल घरी आली ती नेमकी खंडेनवमीला. दप्तरदार मुळात लेखणीवाले, तलवार त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यामुळे शस्त्रपूजेला दरवर्षी दौत, सुरी, नारळाची खवणी आणि आबांचा जुना टाइपरायटर एवढंच मांडलं जाई. या वर्षी पहिल्यांदाच घरात काही लढाऊ दिसणारं आलं होतं. अभिरामराव हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत सायकल पाटाशेजारी उभी राहून तिच्या हँडलला झेंडूची माळ पडली होती. आणि पूजेला बसलेलं शस्त्र दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं. संध्याकाळी बंगळूरहून आलेल्या श्रुतीनं आपल्या बापाची सायकल प्रथम पाहिली ती ही अशी, खवणीच्या शेजारी, माळ घालून, आभाळाकडे बघताना.

"बाबा, हिला काय केलं?"

"जरा मॉडिफाय केली," अभिरामराव म्हणाले.

"एकदम सॉलिड दिसते," ती म्हणाली, पण तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. आपल्याला नवी सायकल न घेता जुनीच सजवावी लागली म्हणून तिला दया आली असणार, असं अभिरामरावांनी ठरवलं आणि रात्रभर त्या विचाराला कुरवाळत ते झोपले.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. आबांनी दोघांवर अक्षता टाकल्या. "सीमोल्लंघन करून या," ते म्हणाले. दिग्विजयसिंहांनी गल्लीतून "शाबास!" अशी आरोळी ठोकली. बापलेक निघाले.

सपाटीवर सगळं बरं चाललं होतं. सायकलीचं पुढचं अंग इतकं उंच होतं की अभिरामरावांना रस्त्यापेक्षा दुकानांच्या पाट्या जास्त दिसत होत्या, पण खड्डे मात्र खरोखरच लागत नव्हते. रस्त्यातल्या लोकांनी बाजूला होऊन बघितलं. अभिरामरावांची छाती फुगली. किल्ल्याच्या उरवाई गेटाच्या चढाला लागल्यावर त्यांनी श्रुतीला मागे टाकलं. पोर आपल्याला मान म्हणून पुढे जाऊ देतेय, हे त्यांना कळत होतं, पण ते कळून न कळल्यासारखं करण्यात मजा होती. मग पहिलं वळण आलं, चढ खरोखर तापला, आणि सायकलीनं हळूच नाक उचललं.

त्यांनी हँडलवर छाती टेकली. नाक खाली आलं. दम घ्यायला ते मागे झाले, नाक वर गेलं. खाली, वर, खाली, वर. किल्ल्याच्या कड्यात कोरलेले जैनांचे ते प्रचंड तीर्थंकर वस्त्राच्या, वासनेच्या आणि सायकलीच्या पलीकडे जाऊन शांतपणे उभे होते. त्यांच्याकडे बघण्याच्या नादात अभिरामरावांनी पेडलवर जरा जास्त जोर दिला. पुढचं चाक रस्ता सोडून वर उठलं, दिग्विजयसिंहांच्या मनातलं जनावर उठलं असतं अगदी तसं, आणि अभिरामराव अलगद मागे सरकत रस्त्यावर बसते झाले. लागलं काहीच नाही. एक पाय सायकलीच्या दांडीत अडकून वर राहिला, दुसरा पसरला, चष्मा एका कानाला लटकला आणि झेंडूची माळ सायकलीच्या हँडलवरून सुटून त्यांच्या गळ्यात आली.

झालं. आता पोर येणार, कोपराला धरून उठवणार, "राहू द्या ना बाबा" म्हणणार. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग खालच्या वळणावरून श्रुती आली. ती सायकलीवर नव्हती. सायकल ढकलत, तोंडानं श्वास घेत, लालबुंद होऊन ती येत होती, आणि जवळ पोचताच सायकल आडवी टाकून रस्त्यावर त्यांच्या शेजारी धपकन बसली. 

"काय झालं? तू का चालत आलीस?" अभिरामरावांनी बसल्याबसल्या विचारलं.

"बाबा... कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्हाला आवडेल म्हणून! तुम्ही उदास असायचात फोनवर. म्हटलं, विचारू, तुम्ही म्हणाल आता कुठे चढतो बेटा, मी म्हणेन चला मग टॅक्सीनं जाऊ. तुम्ही तर लगेच म्हणालात, त्यात काय! मग मी कशी माघार घेणार? मला कल रात से टेन्शन आलं होतं. तुम्ही चक्क गाडी मॉडिफाय करून बसलात!"

अभिरामरावांनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे कुरियरचा बाबू, कुशवाहा, रॉकेल, पूजा म्हणजे उपयोग हा ऐतिहासिक निकाल, हे सगळं त्यांनी सोसलं होतं ते जी गोष्ट मुलीला नको होती तिच्यासाठी. त्यांनी तिला सगळं सांगितलं. एरंडेलापासून. 'पहिया बढ़ता नहीं'पर्यंत येताना ती हसायला लागली, मदत क्रमांकापाशी तिनं पोट धरलं, आणि मग हसता हसता तिचे डोळे एकदम भरून आले.

"मला भीती वाटते बाबा," ती म्हणाली. "तिकडे माझ्यासाठी असा येडेपणा कोण करणार?"

अभिरामराव तिच्याजवळ सरकले. त्यांनी गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घातली, जे अगदीच विचित्र दिसलं असणार, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. एक भाविक कुटुंब तीर्थंकरांना नमस्कार करून पुढे गेलं. जाताना त्यांनी या दोघांनाही केला.

मग श्रुतीनं नाक पुसलं आणि जरा ओशाळून फोन पुढे केला. "रागावू नका हं. मी वळणावरून तुमचा फोटो काढलाय. आधी फोटो काढला, मग आले."

फोटोत मागे शांत तीर्थंकर, पुढे रस्त्यावर अभिरामराव, एक पाय आकाशात, चष्मा कानाला आणि गळ्यात माळ.

"पुसून टाक तो!" अभिरामराव ओरडले. "काढायचा तर पेडल मारताना काढ. मी वर बसतो परत."

"पेडल मारताना नको. हाच पाहिजे मला. तिकडे ऑफिसात टेबलावर लावणार आहे. कभी रोना आया तो बघेन."

अभिरामराव उठून कपडे झटकत होते. ते थांबले. त्यांनी फोन हातात घेऊन तो फोटो पुन्हा नीट बघितला, मोठा करून बघितला. मग फोन तिला परत दिला, तिच्या गळ्यातली माळ काढून आपल्या गळ्यात घातली आणि सायकल अंगावर ओढून घेत उरवाईच्या भर रस्त्यात पुन्हा खाली बसले.

"जरा हललाय तो," पाय वर उचलत ते म्हणाले. "नीट काढ आता."